ओरडून बर्फ कोसळत नाही!

सिनेमात नायक बर्फाळ दरीत मोठ्यानं हाक मारतो, वरचा कडा थरथरतो आणि पांढरा लोंढा धडधडत खाली येतो. कार्टूनमध्ये तर एक शिंकसुद्धा पुरते. प्रत्यक्षात असं काही घडत नाही. स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथं हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी नावाजलेली संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये या समजुतीचा रीतसर हिशेब मांडला. माणसाच्या ओरडण्यानं हवेत जो दाब तयार होतो, तो बर्फाचा थर मोडायला लागणाऱ्या दाबाच्या जवळपासही पोचत नाही. जवळच झालेल्या स्फोटाचा धक्का मात्र पुरतो.

आणि पुरतं माणसाचं वजन!

डोंगरभटके आणि स्की करणारे ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यांतली दहापैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सुरू केलेली असतात. पर्वत वाट बघत बसलेला नसतो. आपलं पाऊल नको त्या जागी पडतं. मला ही फार दिलासा देणारी माहिती वाटते. ज्याचं कारण आपण आहोत ते टाळणंही बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. त्यासाठी पायाखालचा बर्फ वाचता यावा लागतो, आणि हा अभ्यास गुंतवून ठेवणारा आहे.

बर्फ कमी, धोका जास्त?

ताज्या भुसभुशीत हिमात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. प्रत्येक वादळ डोंगरावर एक थर टाकून जातं आणि दोन वादळांच्या मधल्या दिवसांत ऊन, वारा, थंडी त्या थराचा पोत बदलत राहतात. त्यामुळे वरून एकसारखा पांढरा दिसणारा उतार आतून दहा-बारा वेगवेगळ्या थरांचा असू शकतो. कुठे घट्ट, कुठे बर्फाळ कवच, कुठे एकमेकांना न चिकटलेले सुटे कण. वर घट्ट थर आणि खाली कच्चा, अशी जोडी जमली की धोका तयार झाला. कच्चा थर मोडतो आणि वरचा घट्ट थर सलग लादी होऊन घसरतो. जाणकार याला स्लॅब अ‍ॅव्हलांच म्हणतात, आणि डोंगरभटक्यांचे सर्वाधिक बळी यानंच घेतले आहेत.

हा कच्चा थर येतो कुठून? बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा उणे वीसवर गेली, की खालच्या उबेतली वाफ बर्फातूनच वर सरकायला लागते. वाटेत ती जुन्या कणांचं रूप पालटून टाकते. गोलसर, एकमेकांना धरून राहणाऱ्या कणांच्या जागी टोकदार, कोनदार, सुटे स्फटिक तयार होतात. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडत असेल, तर हा बदल जोरात सुरू होतो.

आता गंमत बघा. बर्फाचा थर दोन मीटर जाड असेल तर तोच वीस अंशांचा फरक दोन मीटरांत विभागला जातो. थर अर्ध्या मीटरचा असेल, तर सगळा फरक अर्ध्या मीटरात कोंबला जातो आणि बर्फ आतून झपाट्यानं कच्चा होतो. म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मग आठवडाभर कडाक्याची कोरडी थंडी राहिली, की पुढच्या सबंध मोसमाचा पाया ठिसूळ झाला. ‘यंदा बर्फ कमी आहे, काळजी नाही’ हे वाक्य ऐकलं की म्हणूनच पोटात गोळा यायला हवा.

सुंदर आणि घातकी

निरभ्र, शांत, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दवाऐवजी पिसांच्या आकाराचे स्फटिक उगवतात. सकाळच्या तिरप्या उन्हात सबंध उतार लखलखतो. वरून चाललं तर बारीक किणकिण ऐकू येते. पृष्ठभागावर आहेत तोवर हे स्फटिक निरुपद्रवी. पण त्यांच्यावर पुढचं वादळ हलकेच येऊन पडलं, की उभ्या पात्यांवर छत टाकल्यासारखी अवस्था होते. नव्या बर्फाखाली गाडलेला हा चमचमता थर कधीकधी काही आठवडे तसाच टिकतो. अनुभवी स्कीवाले म्हणूनच आज काय पडलंय याच्या जोडीला गेल्या पंधरवड्यात रात्री कशा होत्या याचीही टिपणं ठेवतात.

धप्प!

बर्फावरून चालताना पायाखालून कधीकधी एक दबका, खोल आवाज येतो आणि सगळा पृष्ठभाग किंचित खाली बसल्याचं जाणवतं. इंग्रजी शास्त्रीय निबंधांतही या आवाजाला ‘वुम्फ’ असंच नाव आहे. हा आवाज म्हणजे कच्चा थर कोसळल्याची पावती. सपाटीवर असाल आणि लगत तीव्र उतार नसेल तर तुम्ही वाचलात, कारण घसरायला उतारच नव्हता. उतारावर असता तर गोष्ट वेगळी झाली असती. कच्च्या थरातली ही मोड सेकंदाला वीसेक मीटर वेगानं सहज पसरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं तर विशिष्ट परिस्थितीत ती सेकंदाला शंभर मीटरही ओलांडते असं दाखवलं. म्हणून दरीच्या तळाशी सपाट जागी उभा असलेला माणूसही वरचा उतार सोडवू शकतो. मोड त्याच्या पायापासून सुरू होते आणि वर धावत जाते.

निसर्ग इतकी स्पष्ट सूचना क्वचितच देतो. ती ऐकू आल्यावर त्या दिवशीचे तीव्र उतार रद्द. चर्चा नको.

अडतीस अंश

हिमस्खलन होण्यासाठी डोंगर सरळसोट उभा असावा लागतो असं आपल्याला वाटतं. खरं तर पन्नास-पंचावन्न अंशांपलीकडच्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. तीस अंशांच्या खाली लादी सहसा घसरत नाही. धोक्याचा पट्टा ३० ते ४५ अंशांचा, आणि त्यात ३८ च्या आसपासचे उतार सर्वात बदनाम. दुर्दैव असं की स्की करायला सर्वात मजा याच पट्ट्यात येते. उताराचा कोन मोजणारं अ‍ॅप आज फोनवर मिळतं. पण ते उघडायचं दुरून, उतारावर पाऊल टाकण्याआधी.

वारा हा हमाल

हिमवादळ तासाला जेवढा बर्फ टाकतं, त्याच्या दहापट वेगानं वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या कण्याच्या पलीकडच्या बाजूला रचू शकतो. आकाश निळं, हिमवृष्टी शून्य, आणि तरी वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर दर तासाला भार वाढतोय, असं होतं. कण्यावरून धुरासारखा बर्फ उडताना दिसला की फोटो जरूर काढा. फक्त तो ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला उतरू नका. कण्याच्या टोकाला बाहेर झुकलेली बर्फाची झालर तयार होते, तिच्यावर उभं राहून सेल्फी काढणं हा तर जिवाशी खेळ आहे. खाली दगड आहे की नुसती हवा, ते वरून कळत नाही.

हनिबलला नडलेला जुना बर्फ

इसवी सन पूर्व २१८. कार्थेजचा सेनापती हनिबल हत्ती, घोडे आणि हजारोंची फौज घेऊन आल्प्स ओलांडत होता. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं या उतरणीचं वर्णन करताना लिहिलंय, की गेल्या हिवाळ्यातला जुना टणक बर्फ तसाच होता आणि त्यावर त्या वर्षीचा नवा मऊ बर्फ पडला होता. वरचा थर पाय आत घ्यायचा, खालचा मात्र पाय टिकू द्यायचा नाही. माणसं आणि जनावरं घसरून दरीत जात होती. नवा थर, जुना थर आणि त्यांच्यामधलं न जुळणं: आजच्या हिमस्खलन अभ्यासक्रमाच्या पहिल्या तासाला जे फळ्यावर काढतात, ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणानं लिहून ठेवलेलं आहे.

१९१० चा मार्च

१ मार्च १९१०. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास घाटात वेलिंग्टन नावाच्या छोट्या स्टेशनावर दोन गाड्या कित्येक दिवस बर्फात अडकून पडल्या होत्या. मध्यरात्रीनंतर वरचा उतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासातलं हे सर्वात प्राणघातक हिमस्खलन. वरच्या उतारावरचं जंगल त्याआधी जळून गेलं होतं, त्यामुळे बर्फ धरून ठेवायला झाडं उरली नव्हती.

तीनच दिवसांनी, ४ मार्चला, कॅनडातल्या रॉजर्स पासमध्ये रुळांवरचा बर्फ उपसणाऱ्या मजुरांच्या टोळीवर दुसरं हिमस्खलन आलं. साठाच्या आसपास मजूर गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक जपानहून आलेले. ते आधीच्या हिमस्खलनाचा ढिगारा काढत होते; दुसरं समोरच्या डोंगरावरून आलं. रेल्वेनं शेवटी घाटाखालून बोगदा खणला आणि १९१६ पासून गाड्या तिथून जाऊ लागल्या. आज त्याच रॉजर्स पासमधल्या महामार्गासाठी कॅनडाचं लष्कर दर हिवाळ्यात तोफा घेऊन येतं आणि रस्ता रिकामा करून वरच्या उतारांवर गोळे डागतं. बर्फ थोडा साचला असतानाच पाडून टाकायचा, म्हणजे मोठा लोंढा होण्याची वेळ येत नाही.

त्याच स्टीव्हन्स पासच्या परिसरात १९ फेब्रुवारी २०१२ ला सोळा कसलेल्या स्कीपटूंचा गट टनेल क्रीकच्या उतारावर गेला. तिघं परतले नाहीत. या घटनेवरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या ‘स्नो फॉल’ या लेखाला २०१३ चं पुलित्झर मिळालं. लोंढ्यात सापडूनही एक स्कीपटू वाचली, कारण तिनं पाठीवरच्या पिशवीची दोरी वेळेवर ओढली.

चिवड्याचा डबा आणि जीव वाचवणारी पिशवी

ही पिशवी म्हणजे एअरबॅग. दोरी ओढली की काही सेकंदांत पाठीवर मोठे फुगे फुगतात. लोकांना वाटतं ती हलकी असल्यानं तरंगवते. तसं नाही. चिवड्याचा डबा हलवला की खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे वर येतात, चुरा खाली जातो. वाहत्या बर्फातही मोठ्या आकाराची वस्तू वर ढकलली जाते. एअरबॅग तुमचं आकारमान वाढवते, एवढंच तिचं काम. ही कल्पना सुचली ती जर्मनीतल्या एका वनाधिकाऱ्याला. १९७० च्या दशकात शिकार खांद्यावर टाकून जाताना तो हिमस्खलनात सापडला आणि वरच राहिला. पुढे पेटर आशाउअर या उद्योजकानं त्याचं पेटंट घेतलं आणि १९८५ मध्ये पहिली एअरबॅग बाजारात आणली.

पण झाडावर किंवा खडकावर आपटलात तर फुग्याचा उपयोग नाही. जवळपास चौथा हिस्सा बळी मार लागूनच जातात.

दहा मिनिटं

बाकीचे बहुतेक बळी गुदमरून जातात. थांबताक्षणी लोंढ्यातला बर्फ घट्ट बसतो. घासाघाशीनं कणांच्या कडा किंचित वितळलेल्या असतात, त्या क्षणार्धात एकमेकांना चिकटतात आणि गाडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. नाकातोंडासमोर श्वासाच्या वाफेचं बर्फाळ कवच जमायला लागतं, आपणच सोडलेली हवा आपण पुन्हा घेत राहतो.

पूर्ण गाडली गेलेली दहापैकी नऊ माणसं पहिल्या १८ मिनिटांत बाहेर काढली तर जिवंत सापडतात, असं नव्वदच्या दशकातला अभ्यास सांगत होता. स्वित्झर्लंडमधल्या अलीकडच्या आकड्यांनी ही मुदत १० मिनिटांवर आणली. अर्ध्या तासानंतर तिघांपैकी जेमतेम एक वाचतो. हेलिकॉप्टर बोलवा, पोलिसांना कळवा, हे सगळं करायचंच. पण दहा मिनिटांत तिथं पोचू शकतं कोण? जे आधीपासून तिथं आहेत ते. तुमचे सोबती हीच तुमची रेस्क्यू टीम.

म्हणून तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यातच: ट्रान्सीव्हर (रेडिओ संदेश सोडणारं आणि गाडलेल्याचा संदेश पकडणारं यंत्र), जोडून लांब होणारी सळई आणि फावडं. ट्रान्सीव्हर १९६८ मध्ये जॉन लॉटन या अभियंत्यानं अमेरिकेतल्या बफेलो शहरात तयार केला. आज जगातल्या कुठल्याही कंपनीचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतो, त्यामुळे जपानी यंत्र इटालियन यंत्राला सापडतं. फावडं धातूचं हवं. एक घनमीटर साचलेला लोंढा तीनशे-चारशे किलो भरतो. प्लास्टिक तिथं मोडतं.

गाडलेल्या माणसाकडे ट्रान्सीव्हर नसेल तर कुत्रा आजही फार मोलाचा ठरतो. तरबेज कुत्रा हेक्टरभर ढिगारा अर्ध्या तासात हुंगून काढतो. वीस माणसांच्या रांगेला सळया खुपसत तेवढाच भाग तपासायला चार तास लागतात.

सेंट बर्नार्ड जातीचा बॅरी हा अशा कुत्र्यांतला सर्वात प्रसिद्ध. १८०० ते १८१४ या आयुष्यात त्यानं चाळीसहून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. बर्नच्या संग्रहालयात तो आजही पेंढा भरून ठेवलेला आहे. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र खोटं. एडविन लँडसियर या इंग्रज चित्रकारानं १८२० मध्ये किशोरवयात काढलेल्या चित्रात ते आलं आणि जगभर पसरलं. गारठलेल्या माणसाला दारू पाजूच नये: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फैलावतात आणि अंगातली ऊब आणखी वेगानं निघून जाते.

शेळीच्या दुधावर ३७ दिवस

नियमाला कधीकधी विलक्षण अपवाद निघतात. मार्च १७५५ मध्ये इटलीतल्या बर्गेमोलेत्तो गावावर हिमस्खलन आलं. एका घरातल्या तीन बायका आणि एक मुलगा गोठ्यातच गाडले गेले. गोठ्याचं छप्पर टिकलं आणि सोबत शेळ्या होत्या. मुलगा वाचला नाही. तिघी बायका मात्र शेळीच्या दुधावर तगल्या आणि ३७ दिवसांनी, एप्रिलच्या अखेरीस, जिवंत बाहेर आल्या. तुरिनच्या इग्नात्सिओ सोमिस या वैद्यानं त्यांच्याशी बोलून १७५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

मोकळी हवा असलेली जागा मिळाली तर माणूस किती टिकतो, हे आपल्या देशानंही पाहिलंय. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये १९ हजार फुटांहून उंचावरच्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि १९ मद्रास बटालियनचे दहा जवान गाडले गेले. सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांतलेच. लष्कराच्या तुकड्या दगडासारखा बर्फ कापत राहिल्या, डॉट आणि मिशा हे दोन कुत्रे जागा दाखवत राहिले. सहाव्या दिवशी सुमारे २५ फूट खाली लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. दहाही जवान आपण गमावले. पण सहा दिवस कुणीही ‘आता काय उपयोग’ म्हणून फावडं खाली ठेवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

उत्तराखंडमधल्या माणा गावाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ ला सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आलं, तेव्हा ५४ कामगारांपैकी ४६ जणांना वाचवण्यात यश आलं. बरेच जण लोखंडी कंटेनरांत झोपलेले होते आणि आतल्या पोकळीनं त्यांना श्वास पुरवला.

‘फ्रोझन’ सिनेमा आणि रशियातलं गूढ

फेब्रुवारी १९५९ मध्ये उरल पर्वतात इगोर द्यात्लोव्हच्या गटातले नऊ तरुण गिर्यारोहक मरण पावले. तंबू आतून फाडलेला, अंगावर पुरते कपडे नाहीत, काहींच्या बरगड्या आणि कवट्या फुटलेल्या. परग्रहवासीयांपासून गुप्त शस्त्रांपर्यंत सगळ्या कहाण्या झाल्या. २०२१ मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझरिन या स्वित्झर्लंडमधल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तंबूसाठी उतार खणल्यामुळे आणि वाऱ्यानं वर बर्फ रचत गेल्यामुळे छोटी लादी काही तासांनी सुटू शकते. ती माणसाच्या शरीराला काय इजा करेल हे काढायला गोम यांनी मदत घेतली डिस्नेची! ‘फ्रोझन’मधला बर्फ इतका खरा वाटला, की त्यांनी तो बनवणाऱ्या अ‍ॅनिमेशनवाल्यांना गाठलं, त्यांची गणितं मागून घेतली आणि आपल्या कामासाठी बदलली. सगळ्यांना हे उत्तर पटलेलं नाही. मला मात्र, मुलांना खिळवून ठेवणाऱ्या सिनेमातला बर्फ सहा दशकांपूर्वीच्या मृत्यूंचा माग काढायला वापरला गेला, हीच गोष्ट अद्भुत वाटते.

जाणकारही का फसतात?

इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकानं ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. बर्फाची माहिती नसणं हे कारण अपुरं होतं. प्रशिक्षण घेतलेली माणसंही भरपूर सापडली. मग नडलं काय? ओळखीचा उतार: ‘इथं आपण दहादा आलोय.’ ठरवलेलं शिखर: ‘इतक्या लांब आलोय तर…’ सोबत्यांवर छाप पाडण्याची इच्छा. गटात एक अनुभवी माणूस असला की बाकीच्यांनी विचार करणंच सोडून देणं. आधी कुणी गेल्याच्या खुणा दिसणं. आणि ताज्या, कुणीही न तुडवलेल्या बर्फाचा मोह.

सह्याद्रीत पावसाळ्यात भरल्या ओढ्यात उतरणाऱ्या गटांतही हेच बोलणं ऐकू येतं. माणूस तोच असतो.

युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची पट्टी आहे. बळी सर्वाधिक जातात ते पाचव्या पायरीवर नव्हे, तिसऱ्या पायरीवर. चार आणि पाचला लोक घरी थांबतात. तीनला आकाश बहुतेकदा मोकळं असतं, बर्फ ताजा असतो आणि मनाला ‘मधलाच तर आकडा आहे’ अशी पळवाट मिळते.

निफाडचा गारठा, लाहौलचा बर्फ

आपल्याकडे हिमस्खलनाच्या अभ्यासाचं काम आधी ‘सासे’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनं केलं. १९६९ मध्ये मनालीत तिची सुरुवात झाली. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मिळून ‘डीजीआरई’ झाली, मुख्यालय चंडीगड. हिवाळ्यात ती जिल्हावार इशारे देते: अमुक जिल्हा, अमुक उंचीच्या वर, धोका इतका.

आपल्या पश्चिम हिमालयात थंडीतला बर्फ आणतो तो भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी झंझावात. तो काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला, की मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली येतात आणि निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचाल तेव्हा वर हिमालयातही नव्या बर्फावर तीच निरभ्र, कोरडी थंडी पसरलेली असू शकते, आणि वर सांगितलेले चमचमते स्फटिक उगवायला असंच हवामान लागतं. पीर पंजालमध्ये बर्फ उबदार, जड आणि भरपूर. काराकोरममध्ये पातळ आणि भयंकर थंड. एकाच देशात दोन वेगळे स्वभाव. गुलमर्गला शिकलेलं लडाखला जसंच्या तसं चालत नाही.

रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला आणि हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध घाट टाळून हिमाचलातल्या लाहौल खोऱ्याला बारमाही वाट मिळाली.

जाता जाता उचला

स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट गावानं १३९७ मध्येच वरच्या जंगलातलं एकही झाड तोडायला बंदी घातली, कारण तेच जंगल गाव वाचवत होतं.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातलं हिमस्खलनाशी जगण्याचं पिढीजात ज्ञान २०१८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आहे. आपल्या वारीचंही नाव तिथं यावं असं वाटणाऱ्यांनी ही नोंद जरूर बघावी.

उन्हाळ्यात उंचावरचा बर्फ गुलाबी दिसला तर घाबरू नका. ते सूक्ष्म शेवाळ आहे. त्याचा रंग ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो.

१९ फेब्रुवारी २००८ ला नासाच्या यानानं मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ ७०० मीटरहून उंच कड्यावरून कोसळणारं बर्फ-धुळीचं हिमस्खलन चालू असतानाच टिपलं. तिथं तर पाऊल टाकायलाही कुणी नव्हतं!

पुण्या-मुंबईहून हिवाळी ट्रेकला निघणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या सांक्री गावात उतरणाऱ्या टेम्पो-ट्रॅव्हलरमधून मराठी हमखास ऐकू येते. केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास आता आपल्या घरचे झालेत. आनंदाची गोष्ट आहे. आयोजकाला पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. गेल्या दहा दिवसांत तिथं किती बर्फ पडला आणि वारा कुठून होता? वाट ३० अंशांहून तीव्र उताराच्या खालून किंवा वरून जाते का? डीजीआरईचा आजचा इशारा काय? आणि परत फिरायचं ठरलं तर तो निर्णय कुणाचा? चौथ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरा आयोजक बघा. धोक्याचा उतार ओलांडायचाच असेल, तर एकेकानं, अंतर ठेवून, आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवून. जंगलात वरपासून खालपर्यंत झाडांशिवायचा सरळ पट्टा दिसला, किंवा फक्त लवचीक, वाकलेली भोजपत्राची झाडं दिसली, तर तो लोंढ्याचा नेहमीचा रस्ता आहे. तिथं तंबू नको, डबा उघडायलाही बसू नका.

मार्च-एप्रिलात लीडर पहाटे दोनला उठवतो. रात्रीच्या थंडीत पृष्ठभाग गोठून टणक होतो आणि वजन पेलतो. पूर्वेकडच्या उतारांवर ऊन सर्वात आधी पडतं, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. कवच मऊ झालं, बूट घोट्यापर्यंत रुतू लागला आणि उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की ओल्या हिमस्खलनाची वेळ सुरू झाली. त्याआधी उतरून छावणीत चहा घ्यायचा म्हणून तो दोनचा गजर.